शब्दांचा सातबारा

चला, एक टाइमपास करू. आज सकाळपासून ऑफिसच्या खुर्चीत टेकेपर्यंत तुमच्या तोंडून गेलेले शब्द आठवा. खिडकी, आकाश, गोळ्या-चॉकलेट, जादू, जम्बो. आहे का यात काही खास? बालवाडीतल्या पोरालाही येतात. आणि तरी यातल्या प्रत्येक शब्दावरून, त्याच्या इंग्रजी अवतारात अर्थातच, जगात कुठे ना कुठे कंपन्यांचे वकील फायली घेऊन एकमेकांच्या अंगावर धावलेत. भांडण एकच. हा शब्द आमचा, तुम्ही वापरायचा नाही!

आपल्याकडे जमिनीचा सातबारा असतो. मग शब्दांचाही असतो का? असला तर कुणाच्या नावावर? वरवर गमतीचा वाटणारा हा प्रश्न जरा खणला की जाम इंटरेस्टिंग होतो. आणि नोकरी सांभाळून साइड बिझनेस करायचा किडा ज्यांच्या डोक्यात वळवळतोय, त्यांच्यासाठी तर तो थेट खिशाचा प्रश्न आहे.

ओळखीच्याच गोष्टीपासून सुरुवात करू. ऑफिसची एक्सेल शीट तुम्ही ज्या वनड्राइव्हवर टाकता ना, त्याचं आधीचं नाव होतं स्कायड्राइव्ह. ब्रिटनमधल्या स्काय या टीव्ही कंपनीला ते खटकलं. आकाशाला गवसणी घालायची तर आमच्या परवानगीने घाला, असा एकूण सूर. प्रकरण लंडनच्या हायकोर्टात गेलं. २०१३ साली निकाल स्कायच्या बाजूने लागला आणि २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने जगभर नाव बदलून वनड्राइव्ह केलं. एवढी अवाढव्य कंपनी, पण तिलाही आकाश सोडावं लागलं.

पण ‘बिचारी मायक्रोसॉफ्ट’ वगैरे म्हणू नका हं. याच कंपनीने २००१ मध्ये लिंडोज नावाच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीला कोर्टात खेचलं होतं. तक्रार काय, तर लिंडोज हे नाव विंडोजसारखं ऐकू येतं. लिंडोजवाल्यांनी उलटा सवाल टाकला. स्क्रीनवरच्या चौकटींना कॉम्प्युटरवाले तुमच्या आधीपासून विंडोज म्हणतात, मग तो शब्द तुमचा कसा? न्यायाधीशांनाही प्रश्नात दम वाटला. लिंडोजवर तातडीची बंदी घालायला त्यांनी नकार दिला. शेवटी २००४ मध्ये तडजोड झाली. नाव सोडलं लिंडोजने, पण दोन कोटी डॉलर मोजले मायक्रोसॉफ्टने! ज्याने दावा ठोकला त्यानेच पैसे दिले. यातून काय समजायचं ते समजा.

आता बेसिक फंडा क्लियर करू. ट्रेडमार्क म्हणजे शब्दाची मालकी नव्हे. सातबारा तर नव्हेच नव्हे. ती फार तर मंडईतल्या एका गाळ्याची पावती. आपल्याकडे १९९९ चा ट्रेड मार्क्स कायदा २००३ पासून लागू आहे. त्यात ४५ वर्ग पाडलेत, ३४ मालाचे आणि ११ सेवांचे. ज्या वर्गात, ज्या वस्तूंसाठी तुम्ही नाव नोंदवलंत, तिथे ते तुमचं. मिळत्याजुळत्या मालापर्यंत हा हक्क ताणता येतो, आणि फारच नामांकित ब्रँड असेल तर आणखी थोडा. पण घरात, गल्लीत, कॅन्टीनमध्ये तो शब्द बोलायला कुणी कुणाला अडवू शकत नाही.

दुसरा फंडा याहून महत्त्वाचा. शब्द मालापासून जितका लांबचा, तितका तो ट्रेडमार्क म्हणून पक्का. फळवाल्याला ‘ॲपल’ हा ट्रेडमार्क मिळणार नाही, कॉम्प्युटरवाल्याला मिळतो. आपल्या घरातलं उदाहरण हवंय? १९३१ साली मुंबईत दांडेकर बंधूंनी शाईचा धंदा सुरू केला. आधी घोडा छाप शाईची पावडर, मग कॅमल शाई. त्यातूनच पुढे कॅम्लिन आली, जिच्या कंपासपेट्या आपण शाळेत मिरवल्या. आता सांगा, उंटाचा आणि शाईचा संबंध काय? काहीच नाही. म्हणूनच ते नाव बेस्ट! दुसऱ्या कुठल्याही शाईवाल्याला आपला माल विकताना ‘उंट’ म्हणायची गरज पडत नाही. त्याचं काहीच अडत नाही.

उलटं उदाहरणही मुंबईचंच. पार्लेचं बिस्किट आधी ‘ग्लुको’ या नावाने विकलं जायचं. पण ग्लुकोजची बिस्किटं काय, कुणीही करणार आणि कुणीही ग्लुकोज बिस्किट म्हणूनच विकणार. बाजारात भाऊगर्दी झाली, गिऱ्हाईक गोंधळलं. मग १९८० च्या दशकात कंपनीने नाव बदलून पार्ले-जी केलं. बिस्किटात काय आहे ते सांगणारा शब्द सगळ्यांचा निघाला, विलेपार्ल्यावरून आलेलं ‘पार्ले’ मात्र त्यांचं राहिलं.

कायद्याचं कलम ९ हेच म्हणतं. मालाचा प्रकार, गुण, दर्जा, उपयोग किंवा गाव सांगणारा शब्द सहसा नोंदवता येत नाही. ‘गोड’ हा शब्द मिठाईवाल्यांत वाटून खायचा. पण तिथेच एक पळवाट आहे. वर्षानुवर्षं वापरून एखादा साधा शब्द लोकांच्या डोक्यात तुमच्याच मालाशी घट्ट बसला असेल, तर तो नोंदवता येतो. सगळी झोंबाझोंबी होते ती या पळवाटेच्या दारात.

मग प्रश्न पडतो की कंपन्या सरळ नवा शब्द का बनवत नाहीत? वकील तेच सांगतात. कोडॅक बनवा, झेरॉक्स बनवा, जगात कुणाचा नाही असा शब्द घ्या. पण मार्केटिंगवाल्यांना ते परवडत नाही. नवा शब्द लोकांच्या डोक्यात बसवायला जाहिरातींवर पाण्यासारखा पैसा ओतावा लागतो. ‘मॅजिक’, ‘फ्रेश’, ‘लाइट’ हे आधीच बसलेले. अर्थ रेडीमेड, चव रेडीमेड. म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांनी बोलून बोलून ज्या शब्दांची मशागत केली, त्यांचं पीक आयतं कापायचं आणि वर कुंपणही घालायचं!

आपल्या कोर्टांनी मात्र या कुंपणाला बऱ्याचदा अडवलंय. मॅरिकोने खाद्यतेलासाठी ‘लोसॉर्ब’ नोंदवलं होतं. स्पर्धक सनड्रॉपवाल्यांनी पाकिटावर ‘लो ॲब्सॉर्ब’ छापलं, म्हणजे पदार्थ तेल कमी पितो. मॅरिको कोर्टात गेली. २०१० साली दिल्ली हायकोर्टाने बंदी घालायला नकार दिला. तेल कमी पितं हे सांगायला दुसऱ्याने कुठले शब्द शोधायचे? ‘शुगर फ्री’चीही तीच गोष्ट. गोड गोळ्यांचा तो ब्रँड कॅडिलाचा. अमूलने आपल्या फ्रोजन डेझर्टवर तेच शब्द छापले. २००७ मध्ये दिल्ली हायकोर्टाने मधला मार्ग काढला. साखर नाही हे सांगायला शब्द खुशाल वापरा, पण तो तुमचा ब्रँडच आहे असं वाटावं इतक्या ठसठशीत अक्षरांत नको. भांडण शब्दाचं, तोडगा फॉन्ट साइजचा!

नूडल्सचं महाभारत तर सात वर्षं चाललं. यिप्पीचा ‘मॅजिक मसाला’ विरुद्ध मॅगीचा ‘मॅजिकल मसाला’. २०१३ मध्ये आयटीसीने नेस्लेवर दावा लावला. २०२० मध्ये मद्रास हायकोर्टाने तो फेटाळला, कारण खाण्याच्या धंद्यात ‘मॅजिक’ सगळेच वापरतात. आणि हे ऐका, प्रकरण वडापावपर्यंतही आलं. २०२३ साली मुंबई हायकोर्टात जम्बोकिंगने दुसऱ्या एका कंपनीला ‘जम्बो वडापाव’ म्हणण्यापासून थांबवायचा प्रयत्न केला. कोर्टाने अंतरिम मनाई दिली नाही. मोठा वडा मोठाच म्हणायचा ना राव!

इथपर्यंत वाचून वाटेल, अरे मग टेन्शन काय आहे? कोर्ट शहाणं आहे, शब्द सुरक्षित आहेत. थांबा. वरची नावं परत वाचा. मॅरिको, अमूल, आयटीसी, नेस्ले. जिथे दोन्ही बाजूंना वकिलांची फौज पोसायची ताकद असते, तिथे निकाल लागतो. जिथे एकाच बाजूला असते, तिथे प्रकरण कोर्टापर्यंत पोचतच नाही. तिथे फक्त एक पाकीट येतं.

माझ्या एका मैत्रिणीला ते आलं. आयटीतली नोकरी सांभाळून ती आईच्या हाताखाली मसाले करायची. ऑफिसातल्या बायका, सोसायटी, मग जवळची दोन-तीन दुकानं असं करत करत जम बसत होता. पाकिटावर आडनाव आणि त्यापुढे एक साधासुधा मराठी शब्द. कुठला ते इथे लिहीत नाही, उगाच माझ्याही घरी पाकीट यायचं. पण शब्द असा, की तुमच्या आजीने आज सकाळीच आमटी चाखून उच्चारला असेल. एका मोठ्या कंपनीने तो नोंदवलेला निघाला. नोटिशीत सगळा मसाला होता. सात दिवसांत विक्री बंद करा, लेबलं नष्ट करा, पुन्हा असं करणार नाही असं लिहून द्या, नाहीतर नुकसानभरपाई.

तिने ओळखीच्या वकिलाला दाखवलं. त्यांनी रेकॉर्ड काढून बघितलं, तर कंपनीची नोंदणी चित्रासकट पूर्ण लेबलची होती, सुट्या शब्दाची नव्हती. पूर्ण लेबल नोंदवलं म्हणून त्यातल्या सामान्य शब्दावर वेगळा एकाधिकार मिळत नाही, असं कायद्यातच आहे. शिवाय कलम ३० म्हणतं की मालाचा गुण सांगायला शब्द वापरला तर तो गुन्हा होत नाही. वकील म्हणाले, लढू, केस चांगली आहे. पण नोटिशीची एक प्रत दुकानदारांकडेही गेली होती. ते म्हणाले, ताई, आम्हाला नको झंझट, मिटलं की आणा माल. तारीख? दिवाळीच्या पंचवीस दिवस आधी. वर्षभराची निम्मी विक्री त्या महिन्यात व्हायची.

तिने शब्द सोडला. घरात सगळ्यांनी बसून पाकिटांवर काळी पट्टी चिकटवली. कायद्याने कदाचित ती जिंकली असती, पण दिवाळी कोर्टाच्या तारखेसाठी थांबत नाही. माझ्या मते खरी गोची इथे आहे. शब्द कायद्याने फारसे जात नाहीत, ते भीतीने जातात. नोंदणी एका गाळ्याची असते, पण नोटीस अख्खी मंडई आपली असल्यासारखी लिहिलेली असते. समोरच्याने पावती बघायला मागितली नाही, की मंडई खरोखरच त्यांची होऊन जाते.

पावती मागणारे असतात, नाही असं नाही. पुण्यातलं बर्गर किंगच घ्या. ‘बर्गर’ आणि ‘किंग’, दोन्ही शब्द रस्त्यावरचे. पुण्यातलं हे हॉटेल १९९० च्या दशकापासूनचं. त्याच नावाच्या अमेरिकन कंपनीने २०११ मध्ये दावा लावला आणि भारतातलं तिचं पहिलं दुकान उघडलं २०१४ मध्ये. २०२४ च्या जुलैत पुण्याच्या कोर्टाने दावा फेटाळला, कारण पुणेकर आधीपासून नाव वापरत होते. मग मुंबई हायकोर्टाने अपिलाचा निकाल लागेपर्यंत पुण्याच्या हॉटेलला ते नाव वापरायला मनाई केली, आणि मार्च २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या मनाईला स्थगिती दिली. म्हणजे दावा लागल्यापासून चौदाव्या वर्षीसुद्धा गाडी अपिलातच. पुणेकरांची चिकाटी ग्रेट आहे, पण प्रत्येकाकडे चौदा वर्षं नसतात.

काही शब्द मात्र असे असतात, की त्यांना हात लावला की लोकच उसळतात. कँडी क्रशवाल्या किंग कंपनीने अमेरिकेत चक्क ‘कँडी’ या शब्दावर दावा सांगितला. गेम बनवणाऱ्या छोट्या मंडळींनी एवढा गदारोळ केला, की २०१४ च्या फेब्रुवारीत कंपनीने अर्ज मागे घेतला. डिस्नेने टी-शर्टांसाठी ‘हकुना मटाटा’ नोंदवलंय. ही स्वाहिली बोली, अर्थ साधारण आपल्या ‘टेन्शन नको’सारखा. २०१८ मध्ये आफ्रिकेतून त्यावर केवढा आवाज उठला! उद्या कुणी ‘टेन्शन नको’ नोंदवलं तर आपल्याला कसं वाटेल, तसंच त्यांना वाटलं. आपल्याकडे मे २०२५ मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’ हे नाव जाहीर झालं त्याच दिवशी त्यावर ट्रेडमार्कचे अर्ज पडले, त्यात रिलायन्सचाही होता. टीका झाल्यावर दुसऱ्याच दिवशी तो मागे घेतला गेला, कनिष्ठ कर्मचाऱ्याने परवानगीशिवाय भरला असा खुलासा आला. आणि २०१५ साली तर सुप्रीम कोर्टाने स्पष्टच सांगितलं की ‘रामायण’ हे नाव उदबत्तीसाठी एकट्या कुणाला ट्रेडमार्क म्हणून मिळणार नाही. धर्मग्रंथाचं नाव सगळ्यांचं.

आता हिशेबाची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर अन्याय होईल. आपणही काही कमी नाही! ‘दोन झेरॉक्स काढून आण’ म्हणताना मशीन कुठल्या कंपनीचं आहे हे कुणी बघतं का? वनस्पती तुपाचा डबा कुणाचाही असो, आपण त्याला डालडाच म्हटलं. बाळाला चॉकलेट नाही, कॅडबरी देतो. प्रवासात पाणी नाही, बिस्लेरी घेतो. कंपन्या हात जोडून सांगतात की बाबांनो, आमचं नाव असं वापरू नका. झेरॉक्सने तर ‘फोटोकॉपी म्हणा’ अशा जाहिरातीसुद्धा केल्या. कारण नाव सगळ्यांच्या तोंडी सामान्य नाम होऊन बसलं की हक्क उडू शकतो. अमेरिकेत एस्कलेटर हा एकेकाळी एका कंपनीचा ब्रँड होता. १९५० मध्ये तो गेला. आता तो मॉलमधला सरकता जिना. भाषा भाडं वसूल करते, फक्त हळूहळू करते.

पण या वसुलीला पिढ्या लागतात. पाकीट तर उद्याच येऊ शकतं. तेव्हा थोडं कामाचं बोलू.

नाव ठरवताना कॅमल आठवा. मालाचा गुण सांगणारा शब्द जाहिरातीला सोपा, पण राखायला अवघड. आयपी इंडियाच्या सरकारी वेबसाइटवर नावाचा शोध फुकट घेता येतो. लोगोचे पैसे देण्याआधी तो घ्या. एकट्या व्यक्तीला, स्टार्टअपला किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी २०१७ च्या नियमांनुसार एका वर्गाला ४,५०० रुपये, बाकीच्यांना ९,०००. वीकेंडच्या दोन आउटिंगचा खर्च, बॉस. नोंदणी दहा वर्षं टिकते, पुढे नूतनीकरण करता येतं. आणि नोंदणी व्हायच्या आत नावापुढे गोलातला ‘आर’ लावू नका, कायद्याने त्याला मनाई आहे. ‘टीएम’ कुणीही लावू शकतं.

दुसरं, कुणी साधा शब्द पळवतंय असं वाटलं तर बोंब मारायला जागा आहे. स्वीकारलेले अर्ज ट्रेड मार्क्स जर्नलमध्ये छापले जातात. ते दर सोमवारी ऑनलाइन येतं. छापल्यापासून चार महिन्यांत कुणीही विरोध नोंदवू शकतं, ऑनलाइन फी एका वर्गाला २,७०० रुपये. कुणीही म्हणजे खरंच कुणीही. पण विरोध करणार कोण? मसालेवाले, खानावळवाले, पापडवाल्या बायकांचे गट यांना हे जर्नल असतं हेच माहीत नसतं. तुम्ही दिवसभर स्क्रीनसमोरच असता. घरातल्या किंवा ओळखीतल्या उद्योगासाठी महिन्यातून एक सोमवार द्यायला काय हरकत आहे?

तिसरं, पाकीट आलंच तर त्या रात्री काही लिहून देऊ नका. नोटीस म्हणजे निकाल नव्हे, ते समोरच्याचं म्हणणं आहे. तीन प्रश्न विचारा. नोंदणी कुठल्या वर्गात आहे? सुट्या शब्दाची आहे की लेबलची? आणि आधी कोण वापरत होतं? यासाठी जुनी बिलं, लेबलं, फोटो जपून ठेवा. तारीख असलेला एक जुना कागद वकिलाच्या दहा पानांना भारी पडू शकतो. आणि धमकी निव्वळ पोकळ असेल, तर कलम १४२ खाली तुम्हीच कोर्टात जाऊन दाद मागू शकता.

माझ्या मैत्रिणीचा मसाला आता नुसत्या आडनावावर विकला जातो. चव तीच आहे. दुकानदार अजूनही गिऱ्हाइकाला तो जुना शब्द वापरूनच सांगतात, कारण दुसरा शब्दच सुचत नाही. त्यांना नोटीस पाठवायची कुणाची टाप नाही!

तर मंडळी, या सोमवारी चहा पिता पिता जर्नल जरूर चाळा. आणि हो, त्यात ‘सातबारा’ नावाचा एखादा वडापाव दिसला, तर आधी मला कळवा. शीर्षक बदलावं लागेल.